तूप आणि भांडें

न्यायशास्त्र शिकणाऱ्या एका पंडिताची गोष्ट आमच्या पाठशाळेंत सांगत असत. तूप घेऊन जातां जातां त्याच्या मनांत शंका आली कीं, तुपाला भांड्याचा आधार आहे कीं भांड्याला तुपाचा? प्रयोग करून पाहावा म्हणून त्यानें भांडें उपडें केलें, आणि शंकेबरोबर तूपहि गेलें. अडतीस वर्षें नाशिक जिल्ह्यांत शिक्षकी करून घरीं बसल्यावर मला वाटूं लागलें आहे कीं, ओझर गांवासंबंधानें हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. मात्र भांडें उपडें न करतां. गांव कारखान्याच्या आधारें उभें आहे, कीं कारखाना गांवाच्या?

विमानांचा हा कारखाना ओझरला आला तो १९६४ सालीं. चीनच्या युद्धाच्या वेळीं, १९६२ मध्यें, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढील वर्षीं नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. रशियाच्या साहाय्यानें मिग विमानें बांधण्याचें ठरलें. इंजिनें कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणें हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला, अशी कामाची वांटणी झाली. द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या या मुलखांत मोठी वसाहत उभी राहिली. मुलगा ‘मिगमध्यें आहे’ एवढें म्हटलें कीं त्याच्या लग्नाची काळजी आईबापांस उरत नसे!

परंतु या स्वास्थ्याचें मूळ एकाच गिऱ्हाइकाच्या मागणींत होतें. मिगचें काम सरलें तेव्हां सुखोईचें आलें. २००० सालच्या करारान्वयें १४० विमानें येथें बांधावयाचीं होतीं. पुढें तो आंकडा २२२ वर गेला. तें काम संपत आलें तेव्हां ‘पुढें काय?’ ही चिंता घरोघरीं शिरली. डिसेंबर २०२४ मध्यें आणखी बारा सुखोई विमानांचा करार झाला आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेजस विमानांच्या जोडणीच्या मार्गिकेचें येथें उद्घाटन झालें. वर्षाला आठ विमानें बांधण्याची तिची क्षमता आहे. आनंदाची गोष्ट खरी. पण तेजसचें इंजिन अमेरिकेहून यावें लागतें, आणि त्याला उशीर झाला तर ओझरचा कारागीर कितीहि निष्णात असला तरी त्याचा इलाज चालत नाहीं.

मधल्या त्या मंदीच्या वर्षांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या अंबड येथील लहानशा कारखान्यांत मी गेलों होतों. विमानांचे सुटे भाग करणारे त्याचे बरेच लेथ बंद होते. तरी त्यानें माणसें कमी केलीं नव्हतीं. द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचे भाग करून तो दिवस ढकलीत होता. मला म्हणाला, “गुरुजी, यंत्र पुन्हां विकत घेतां येतें. पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला न चुकणारा हात तयार व्हायला दहा वर्षें लागतात. तो हात एकदां दुसऱ्या धंद्याला लागला कीं परत येत नाहीं.” न्यायशास्त्रांतील माझ्या प्रश्नाचें उत्तर मला तेथें मिळालें. कारखान्याचें छप्पर हें भांडें खरें, पण हें कसब म्हणजे तूप. आणि जपावयाचें असतें तें तूप.

एकाच धंद्यावर पोसलेलीं गांवें इतरत्रहि आहेत. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहर बोइंग कंपनीच्या विमानांवर जगत होतें. १९६७ नंतर मागणी आटत गेली आणि तेथील सुमारें एक लाख नोकऱ्या १९७१ पर्यंत चाळीस हजारांच्याहि खालीं आल्या. शहर सोडून शेवटीं जाणाऱ्यानें दिवे मालवून जावें, असा उपरोधिक फलक तेथें रस्त्यावर लागला होता. तें शहर सावरलें. विमानें परत आलींच, पण संगणकादि दुसरे धंदेहि त्याच भूमींत रुजले.

कोणी म्हणेल, सरकारनें रिकाम्या हातांस पगार देत बसावें काय? मुळींच नव्हे. पण येथें गिऱ्हाईक सरकारच आहे. एका वर्षीं पूर आणि पुढें चार वर्षें दुष्काळ अशी मागणी न देतां ती पाटाच्या पाण्यासारखी बेतानें सोडणें त्याच्या हातचें आहे. शिवाय लढाऊ विमान एकदां बांधलें कीं तें तीस-चाळीस वर्षें उडतें आणि ठराविक काळानें सारें उकलून दुरुस्त करावें लागतें. सुखोईंची ही मोठी दुरुस्ती ओझरलाच होते. तें काम वाढविलें तर नवी मागणी येईपर्यंत हात रिकामे राहत नाहींत. लहान कारखानदारांनींहि विमानांच्या जोडीला दुसरें एखादें गिऱ्हाईक राखावें.

आमच्या एकत्र कुटुंबांतहि हा वाद चालूं आहे. धाकट्या पुतण्याचें आय.टी.आय.चें शिक्षण संपत आलें आहे. त्यानें बंगलोरला जावें असें वडील भावाचें मत. वहिनींचा जीव त्याला जवळ ठेवण्यांत. मला विचाराल तर कोठें राहावें हा प्रश्न दुसरा. प्रथम त्यानें एक काम असें शिकावें कीं, फाटकावरची पाटी बदलली तरी त्याच्या हाताची गरज बदलूं नये. असे पांचशें हात या पंचक्रोशींत राहिले, तर काम देणारा आपण होऊन ओझरची वाट विचारीत येईल.