पोत्यातलं सोयाबीन ताटात

आमच्या नळदुर्ग भागात पाऊस लागला की बोरी नदीच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं. पूर्वी याच रानात खरिपाला मूग, उडीद, तूर आणि हायब्रीड ज्वारी असायची, असं सासूबाई सांगतात. मग ‘तीनशे पस्तीस’ आलं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं हे जेएस-३३५ वाण १९९४ साली प्रसारित झालं. पुढे आणखी वाणं आली आणि कडधान्यांची रानं सोयाबीनखाली गेली. नवरात्राच्या आगेमागे काढणी होते, मळणीयंत्र येतं, पोती भरतात आणि अडत्याकडे जातात. घरात मूठभरही राहत नाही. कारखान्यात त्याचं तेल निघतं. तेल काढून उरलेल्या पिठाच्या वड्या बनतात आणि त्या वड्या आम्ही किराणा दुकानातून विकत आणतो. आपण पिकवलेलं धान्य आपल्याच चुलीला माहीत नाही, हे मला फार दिवस खुपत होतं.

हे खुपणं स्वयंपाकघरात शिरलं ते दोन कारणांनी. आमच्या ह्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी मीठ-तेल कमी करायला सांगितलं. दुसरीकडे मुलाला हायवेच्या कडेला लागणाऱ्या चायनीजच्या गाड्यांची गोडी लागली. त्याला नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नव्हतं. त्या चवीत आलं-लसणाचा खमंगपणा, कांद्याच्या पातीचा वास, आंबट-तिखट रस असं चांगलंही बरंच असतं. मैदा, तळण आणि मीठ काढून टाकलं तर उरतं ते चांगलंच. खरं तर मंचुरियन चीनचं नव्हेच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं मानतात. मुंबईच्या स्वयंपाकघरात तसं घडू शकतं, तर नळदुर्गच्या का नाही?

सुरुवात टोफूपासून केली. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. चीन, जपान, कोरिया या देशांत ते शेकडो वर्षांपासून रोजच्या जेवणात आहे. आमच्या घरात मांस-मासे शिजत नाहीत. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे आमच्यासारख्या घरांना याची गरज सगळ्यात जास्त. खर्चही बघा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे पाव किलो सोयाबीन सव्वातेरा रुपयांच्या आसपास.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण शेतकऱ्यांच्या घरात ती महत्त्वाची आहे. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं खायला अजिबात घेऊ नये. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. मळणीनंतर पोत्यात जायच्या आधी आपल्या राशीतलं काढून ठेवावं, चाळून, निवडून, उन्हं दाखवून.

पाव किलो सोयाबीन रात्री भिजत घालते. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलावं लागतं, नाहीतर आंबूस वास येतो. सकाळी चोळून जमतील तेवढी सालं काढायची. सोयाबीनचा जो कच्चट, हिरवट वास लोकांना आवडत नाही, तो दाणा पाण्यात भरडला जात असताना त्यातल्या एका विकरामुळे तयार होतो. कडकडीत पाण्यात वाटलं की ते विकर मरतं आणि वास बराच कमी होतो. आमच्या भांड्यात मी थोडं थोडं वाटते, वाटताना आणि नंतर मिळून दीडेक लिटर गरम पाणी जातं. मग पंच्यातून गाळायचं, वर राहिलेला गाळ बाजूला ठेवायचा आणि दूध उकळायचं. पातेलं मोठंच हवं, कारण हे दूध गाईच्या दुधापेक्षा भसकन वर येतं. उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहायचं. इथे घाई करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात.

गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालायचा आणि हलक्या हाताने एखादाच वळसा द्यायचा. जपानात यासाठी समुद्राच्या मिठातून निघणारं निगारी वापरतात, त्याने टोफू अधिक मऊ होतं. लिंबाने थोडं रवाळ होतं, पण भाजीला ते चांगलं. चोथा वर येऊन खाली पिवळसर पाणी दिसलं की फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. तासाभरात वडी तयार. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवली आणि पाणी रोज बदललं तर तीन दिवस छान राहते.

पहिल्यांदा हे चाललेलं बघून सासूबाईंनी विचारलं, “काय करलालीस गं हे?”

“आत्या, आपल्याच सोयाबीनचं पनीर करतेय.”

“आन् हा गाळ?”

तो गाळ म्हणजे खरी कमाई. जपानी लोक त्याला ओकारा म्हणतात आणि वाया जाऊ देत नाहीत. आत्यांनी तो ज्वारीच्या पिठात कालवला, त्यात कांदा, कोथिंबीर, तीळ, ओवा घातला आणि धपाटे थापले. ओलाव्यामुळे ते दुसऱ्या दिवशीही मऊ राहिले. फक्त हा गाळ लगेच आंबतो, त्यामुळे त्याच दिवशी संपवावा. पिवळसर पाणी मी आमटीत घालते.

टोफूची भाजी मी लोखंडी कढईत करते. कढई चांगली तापू द्यायची, एक-दोन चमचे करडईचं तेल, त्यात टोफूच्या फोडी सोनेरी करून बाजूला काढायच्या. मग आलं, लसूण, हिरवी मिरची, त्यावर कोबी, गाजर, ढोबळी मिरची, शेवटी कांद्याची पात. सगळ्या फोडी एकसारख्या चिरल्या की मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत होतात आणि करकरीत राहतात. मीठ आधी घातलं तर भाज्यांना पाणी सुटतं. मी मीठ वेगळं घालतच नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन हजार मिलिग्रॅमच्या आतच राहायला सांगते. म्हणून चौघांच्या भाजीला सोया सॉसचा एकच लहान चमचा पाण्यात पातळ करून घालते. चवीची उणीव लिंबू, मिरं आणि भाजलेल्या तिळाने भरून निघते. ह्यांना पहिल्या आठवड्यात अळणी लागायचं, आता बाहेरचं खारट लागतं.

नूडल्सचं काय, हा मुलाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर आत्यांच्या हातात होतं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी त्या लहानपणापासून वळत आल्या आहेत. नेहमी ती लसूण-मिरचीच्या झणझणीत रसात शिजतात. मी रस पातळ ठेवला, त्यात आल्याच्या चकत्या, मिरं, लसूण घातला, शेंगोळी शिजत आल्यावर गाजराच्या सळ्या आणि टोफू, आणि उतरवल्यावर पात व लिंबू. आत्यांना शेंगोळी ओळखीची वाटली, मुलाला वाडगा नूडल्सचा वाटला. दोघं एकाच पातेल्यातलं समाधानाने जेवले याचं मला फार अप्रूप आहे.

फ्राइड राइससाठी तांदळाऐवजी ज्वारीच्या कण्या घेते. चार-पाच तास भिजवून कुकरला शिजवायच्या आणि पूर्ण गार झाल्यावरच परतायच्या. गरम असताना परतल्या तर गोळा होतो.

पण सगळ्यांत मन जिंकलं ते इंडोनेशियाच्या गाडो-गाडोने. उकडलेल्या भाज्या आणि टोफू, त्यावर शेंगदाण्याची चटणी, असा तो साधा पदार्थ. त्या चटणीत शेंगदाणे, मिरची, चिंच आणि ताडगूळ असतो. वाचताना वाटलं, हे तर सगळं आपल्या फडताळात आहे. सोलापुरी शेंगाचटणी कुटून तयारच असते. तिच्यात चिंचेचा कोळ, थोडा गूळ आणि गरम पाणी घालून दाटसर सरबरीत केली. घेवडा, कोबी, मोड आलेले मूग, बटाटा वाफवून घेतले आणि वरून ती ओतली. तेल जे काय आहे ते शेंगदाण्यातलंच. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो जावा बेटावरही रुजला, सोलापूरलाही रुजला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी त्याला मिरचीबरोबर कुटलं. चटणीत मीठ असतंच, म्हणून भाज्या बिनमिठाच्याच उकडते.

शेजारच्या, भावकीतल्या बायका आता विचारायला येतात. माझ्या जावेला थायरॉइडची गोळी चालू आहे. सोयाबीनमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून तिने डॉक्टरांना विचारून दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवलं आहे. अशी चौकशी करूनच खावं. ज्यांना सोयाबीन सोसत नाही त्यांनी हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या डाळीचं असंच काही करून बघावं.

यंदा आणखी एक ठरवलं आहे. जपानात सोयाबीनच्या शेंगा भरल्यावर, पण पिवळ्या पडायच्या आत तोडतात, सालासकट मिठाच्या पाण्यात उकडतात आणि दाणे सोलून खातात. आपण हरभऱ्याचा हुळा खातो, भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडतो, मग सोयाबीनच्या का नाही? अडचण फवारणीची आहे. म्हणून विहिरीजवळच्या चार ओळींवर औषध मारायचं नाही, असं ह्यांच्याशी बोलून घेतलं. अळीने थोडं खाल्लं तरी चालेल, असं ते म्हणाले. त्या ओळींना आत्यांनी आत्ताच चुन्याच्या खुणा केल्या आहेत, म्हणजे फवारणीवाल्या गड्याला लांबूनच दिसेल.