नाकारलेली खोली

कॉमिक्सचे नाव काढले की आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. अभ्यासाचा वेळ खाणारी रंगीत चोपडी, एवढीच तिची योग्यता! तरीही त्या चोपड्यांतील एका खलनायकाविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते. माणसाच्या मनात अढी कशी बसते आणि कशी वाढत जाते, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही. त्याचे नाव डॉक्टर डूम.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६१ साली अमेरिकेत 'फॅन्टॅस्टिक फोर' ही मालिका सुरू केली. तिच्यातील चौघांच्या अंगी अलौकिक शक्ती आहेत हे खरे. पण मुळात ते एक कुटुंब आहे. शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, त्याची वाग्दत्त वधू स्यू, तिचा धाकटा भाऊ जॉनी आणि रीडचा जिवलग मित्र बेन ग्रिम. ते भांडतात, रुसतात, घर सोडून जातात आणि परत येतात. डूम १९६२ च्या पाचव्या अंकात अवतरला. त्याची पूर्वकथा १९६४ च्या वार्षिक अंकात सविस्तर आली, आणि मालिकेचे मर्म तिच्यातच आहे असे मला वाटते.

लॅटव्हेरिया या युरोपातील कल्पित देशात, एका भटक्या जमातीत व्हिक्टरचा जन्म झाला. आई लवकर गेली. वडील वैद्य होते. सरदाराच्या पत्नीला त्यांच्या औषधाने वाचविता आले नाही, म्हणून मुलाला घेऊन त्यांना पळावे लागले. मुलाला ऊब देता देता ते थंडीने गारठून मेले. हा पोरका मुलगा बुद्धीच्या बळावर अमेरिकेतील विद्यापीठात पोहोचतो. तेथे रीड मोकळ्या मनाने त्याला म्हणतो, आपण एकाच खोलीत राहू. व्हिक्टर झिडकारतो. खोलीतील ती जागा बेन ग्रिमला मिळते.

पुढे रीडला व्हिक्टरच्या आकडेमोडीत चूक दिसते आणि तो ती सांगतो. व्हिक्टर कागद तपासूनही पाहत नाही. यंत्राचा स्फोट होतो, चेहरा जखमी होतो, विद्यापीठातून हकालपट्टी होते. तिबेटमधील भिक्षूंकडून तो धातूचा मुखवटा घडवून घेतो आणि तो निवण्याआधीच चेहऱ्यावर चढवितो. १९८५ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने या प्रसंगात एक विलक्षण भर घातली. स्फोटाने उठला होता तो एक लहानसा व्रण. चेहरा खरा जळाला तो त्या तापलेल्या मुखवट्याने. दोष मात्र जन्मभर रीडचा!

आता बेनकडे पाहा. त्याचेही रूप गेले. अंतराळातील किरण घातक ठरतील असे त्याने आधीच बजावले होते. रीडने ऐकले नाही, आणि बेनचे शरीर ओबडधोबड दगडासारखे झाले. रीडने डूमचे काहीच बिघडविले नव्हते. बेनचे मात्र आयुष्य बिघडविले होते. तरी बेन त्या घरात राहिला. तो आनंदाने राहिला असे मात्र कोणी समजू नये. १९६५ च्या चाळिसाव्या अंकात बेनला त्याचा माणसाचा चेहरा परत मिळालेला असतो. डूम त्यांच्या इमारतीचा ताबा घेतो तेव्हा दुसरा उपाय नाही म्हणून रीड बेनला न विचारता पुन्हा पाषाणरूप देतो. बेन डूमला नमवितो आणि मग रीडकडे पाठ फिरवून निघून जातो. तो परततो, पण लगेच नाही. डूम समोर नसता तर बेनची क्षमा म्हणजे त्याचा भोळा स्वभाव, असे म्हणून आपण पान उलटले असते.

हे सारे कल्पित आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या गावी माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ होते. सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीत एक दिवस चुकला आहे, एवढेच धाकट्या भावाने म्हटले. त्यानंतर काकांनी त्याच्या अंगणात पाऊल टाकले नाही. नाताळातले फराळाचे ताट तसेच परत जाई. पुतणीच्या लग्नाचा बँड वाजू लागला, तेव्हा ते दार लावून आत बसले होते. रीड आणि स्यूच्या लग्नाचा १९६५ चा वार्षिक अंक पुढे पदपथावरील जुन्या पुस्तकांत माझ्या हाती लागला. डूम आपल्या यंत्राच्या बळावर जगातील साऱ्या दुष्टांना त्या लग्नावर सोडतो. ते गमतीदार पान पाहून मला हसू आले नाही.

आणि तरीही हा मनुष्य निव्वळ दुष्ट नाही. १९८९ च्या 'ट्रायम्फ अँड टॉर्मेंट' या पुस्तकात रॉजर स्टर्न आणि माईक मिग्नोला यांनी त्याला नरकात नेले आहे. त्याच्या आईचा आत्मा मेफिस्टो या सैतानी शक्तीच्या ताब्यात आहे. आईच्या मोबदल्यात डूम आपल्या सोबत्यालाच सैतानाच्या हवाली करू पाहतो. अशी मुक्ती नको म्हणून आई त्याला झिडकारते, आणि त्या नकारानेच ती मुक्त होते. ती नाकारणार हे त्याने ताडले होते. तिच्या तिरस्काराची किंमत तो गुपचूप मोजतो. प्रेम करतानादेखील त्याला मुखवटा काढता येत नाही.

२००२ साली स्यूचे बाळंतपण जिवावर बेतले तेव्हा डूमनेच माय-लेकीला वाचविले. मोबदला म्हणून त्याने मुलीचे नाव ठेवण्याचा हक्क मागितला आणि व्हॅलेरिया हे आपल्या तरुणपणीच्या प्रेयसीचे नाव दिले. पुढच्याच वर्षीच्या कथेत त्याने त्या प्रेयसीचा शक्तीसाठी बळी दिला. घरातल्यांनी मुलीचे नाव बदलले नाही. ती बेनला काका म्हणते. मोठी झाल्यावर डूमलाही काका म्हणू लागली.