मी खेळतो

गेल्या वर्षी तपासायला आलेल्या स्वाध्यायांच्या गठ्ठ्यात एका विद्यार्थिनीने लिहिलेले एक वाक्य होते : 'मी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींबरोबर फुटबॉल खेळतो.' 'माझा दिनक्रम' असा साधाच विषय होता. मी सवयीने 'खेळतो'खाली लाल रेघ ओढली, वर 'खेळते' असे लिहिले, अर्धा गुण कापला आणि पुढच्या वहीकडे वळले.

पुढच्या रविवारच्या संपर्क सत्राला त्या बाई आल्या. चिखली तालुक्यातील एका गावात त्या अंगणवाडीत काम करतात. वय चाळिशीच्या आसपास. सत्र संपल्यावर त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे चुकलं कसं? आमच्याकडं तर समद्या बाया असंच म्हणतात." मी त्यांना प्रमाणभाषा आणि बोली यांतील भेद समजावून दिला. लेखनात प्रमाणरूपच का अपेक्षित असते, हेही सांगितले. उत्तर शास्त्रशुद्ध होते. त्यांनी मान डोलावली आणि वही पिशवीत ठेवली.

परतीच्या एसटीत मात्र मला माझी आजी आठवली. 'मी वावरात जातो', 'मी सैपाक करतो', असे ती आयुष्यभर म्हणत आली. वऱ्हाडी बोलीत वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनात बाई आणि पुरुष असा भेद आमच्या घरात तरी कोणी केला नव्हता. कोल्हापूरकडच्या मुलीही 'मी जातो' म्हणतात, हे पुष्कळांनी ऐकले असेल. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण याच रूपावर आहे. ज्या रूपाने मला पदवी दिली, त्याच रूपासाठी मी एका बाईचा अर्धा गुण कापला होता. भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिकेला हे शोभणारे नव्हते; पण लाल शाई हाती आली की आपण सारेच आपल्या जुन्या गुरुजींसारखे होतो.

त्या वाक्यातील 'फुटबॉल' या शब्दानेही मला अस्वस्थ केले होते. मेहकरजवळच्या आमच्या गावात मी नऊ-दहा वर्षांची असताना थोरल्या भावाच्या शाळेतून एक जुना चामडी चेंडू आमच्या घरी आला. त्याचा ब्लॅडर सायकलच्या पंपाने फुगवायचा आणि वरची वादी आवळून बांधायची. त्याआधी आम्ही चिंध्यांच्या चेंडूने खेळत असू. सुगी सरल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात आठ-दहा मुले आणि एक मी, असा आमचा खेळ चाले. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय पिंढरीपर्यंत रुतत, म्हणून खेळ बंद. मला ठरवून गोलात उभे करीत, कारण तिथे पळावे लागत नाही, अशी मुलांची समजूत होती. बाराव्या वर्षी एका संध्याकाळी आजी वावराच्या बांधावर आली आणि माझे मनगट धरून मला घरी घेऊन गेली. वाटेत ती एवढेच म्हणाली, "आता मी सांगतो तसं वागायचं." तीच आजी आणि तेच 'मी सांगतो'.

या आठवणीला जोडून मला नेहमी आठवते ती मणिपूरची ओइनम बेमबेम देवी. ४ एप्रिल १९८० रोजी इंफाळ येथे जन्मलेल्या या मुलीने आरंभी मुलांच्या संघात शिरण्यासाठी आपले नाव बदलले. कधी तिने 'बोबो' असे सांगितले, कधी 'आमको'. ही नावे मुलाची वाटतात, म्हणून समोरचा फसतो, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९९५ मध्ये, मलेशियात झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत ग्वामविरुद्ध ती भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे ती भारताच्या मधल्या फळीत उभी होती. कर्णधार म्हणून तिने दक्षिण आशियाई विजेतेपदे मिळवली, २०१४ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून ती खेळली आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेनंतर निवृत्त झाली. २०१७ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री. तिच्याआधी ज्या महिला फुटबॉलपटूला अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या शांती मलिक. ते वर्ष होते १९८३. दोन पुरस्कारांमध्ये चौतीस वर्षे जावीत, याला केवळ योगायोग म्हणवत नाही.

नाव बदलण्याच्या या गोष्टीत भाषेच्या अभ्यासकाला एक वेगळीच गंमत दिसते. बेमबेमची मातृभाषा मणिपुरी, म्हणजे मैतेई. ती तिबेटी-ब्रह्मी कुळातील. तिच्यात व्याकरणिक लिंग नाही. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, वचनाप्रमाणे आणि पुरुषाप्रमाणेही नाही. आपल्या 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी तिथे 'महाक' हे एकच सर्वनाम चालते. म्हणजे मैदानावर त्या मुलीने तोंड उघडले, तरी तिचे वाक्य तिची चहाडी करणार नव्हते. नाव तेवढे बदलले की काम झाले. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत वाढलेल्या एखाद्या मुलीने हेच करायचे ठरवले असते, तर तिला नावाबरोबर प्रत्येक क्रियापदही सांभाळावे लागले असते. एकदा जरी 'मी येते' तोंडून निसटले असते, तर खेळ संपला असता. वऱ्हाडातल्या मुलीला मात्र निदान 'मी येतो' म्हणताना वेगळे सोंग आणावे लागले नसते.

तरुणपणी मी यावरून एक निष्कर्ष काढला होता. भाषेत लिंगभेद नसेल, तर समाजातही तो सैल असतो, असे मला वाटे. आता ते पटत नाही. ज्या भाषेच्या क्रियापदाला स्त्री-पुरुष ठाऊकच नाहीत, त्या भाषेतल्या मुलीलाही मुलाचे नाव घ्यावे लागलेच ना? इंफाळमध्ये इमा कैथेल नावाचा मोठा बाजार आहे. तिथे विक्रेत्या केवळ स्त्रियाच असतात. मणिपूरने राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धा इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक वेळा जिंकली आहे. एवढे असूनही एका लहान मुलीला 'बोबो' व्हावे लागले. आणि माझ्या आजीच्या बोलीने मला 'मी खेळतो' हे वाक्य दिले. पण खेळण्याची परवानगी आजीने दिली नाही. व्याकरण दार उघडे ठेवते. उंबरठ्यावर कोण उभे आहे, ते व्याकरणात लिहिलेले नसते.

मराठी वृत्तपत्रे बेमबेमसारख्या खेळाडूला 'मध्यरक्षक' म्हणतात. हा शब्द 'गोलरक्षका'च्या चालीवर घडवलेला दिसतो. मला तो कधीच पुरेसा वाटला नाही. मधल्या फळीतील खेळाडू रक्षण करते हे खरे, पण तिचे निम्मे काम पुढे असते. मागून आलेला चेंडू तिने अंगावर घ्यायचा, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना वळायचे, आणि पुढच्या दोघींपैकी कोण मोकळी आहे ते चेंडू पायाशी येण्यापूर्वीच हेरून ठेवायचे. संपूर्ण सामन्यात सर्वाधिक धाव तिलाच घ्यावी लागते आणि गोल करणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव क्वचितच असते. वर्गात मी उभयान्वयी अव्यय शिकवते, तेव्हा मला ती आठवते. दोन वाक्ये जोडणाऱ्या 'आणि'कडे कोणाचेही लक्ष नसते; ते काढून पाहा, म्हणजे कळते.

शब्दांचा हा हिशेब केवळ 'मध्यरक्षका'पुरता नाही. 'खेळाडू' हा उभयलिंगी शब्द आपल्या भाषेने आपल्याला दिला आहे. 'ती खेळाडू', 'तो खेळाडू', दोन्ही बिनतक्रार चालतात. तरीही बातमीत पुरुषांचा तो 'भारतीय संघ' आणि स्त्रियांचा तो 'भारतीय महिला संघ'. पहिल्याला विशेषणाची गरज भासत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आशियाई महिला चषक स्पर्धा महाराष्ट्रात झाली. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात सामने होते. २० जानेवारीला नवी मुंबईत यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरण्यासाठी, करोनामुळे, नियमानुसार आवश्यक असलेल्या तेरा खेळाडूही संघाजवळ उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. मी दूरदर्शन संचासमोर बसले होते. सामना होणार नाही, हे कळल्यावर संच बंद करायलाही काही वेळ हात उठला नाही. पुढे ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारताने थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी जिंकून तो मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तीही मधल्या फळीतलीच.

त्या बाईंचा अर्धा गुण मला परत देता आला नाही. गुणपत्रके तोवर पाठवून झाली होती. त्यांना मी तसे स्पष्ट सांगितले. माझ्या प्रबंधातील त्या प्रकरणाची झेरॉक्सही दिली. त्यांनी ती चाळली, दोन-तीन उदाहरणे मोठ्याने वाचली आणि हसून म्हणाल्या, "हे तर आमच्या सासूबाईचं बोलणं हाय." मग त्यांनी मला गावी बोलावले.

मी गेले ते मार्गशीर्षात. शाळेमागच्या मैदानाला भेगा पडलेल्या, गोलखांबांच्या जागी विटांचे ढीग. बारा-तेरा मुली होत्या. काही गणवेशात, एक-दोघी सलवार खोचून. कोण कुठे खेळणार, यावर आधी पुष्कळ भांडण झाले. पुढे सर्वांनाच खेळायचे होते. बाईंनी एका सडपातळ मुलीला हाताने धरून मैदानाच्या मध्यभागी नेले आणि बाकीच्यांना सांगितले, "हे मंधातली. चेंडू पहिले हिला द्यायचा."

मंधातली. इतकी वर्षे मी त्या शब्दाच्या शोधात होते.

मला खुर्ची आणून दिली होती. बाईंनी पदर कमरेला खोचला, चपला माझ्या खुर्चीजवळ काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी बसा. मी खेयतो."