कार्मेलच्या उतरणीवर

हैफा शहरात, कार्मेल डोंगराच्या माथ्यावरून बहाई बागेत उतरू लागलं की आधी पाणी सोबतीला येतं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी, दगडी पन्हळींतून, ते आपल्या पावलांशी पाऊल जुळवत झुळझुळत राहतं. मागे राहिलेल्या रस्त्यावरचे हॉर्न, बंदराची घरघर, आमच्या गटातली कुजबुज, सगळं त्याच्या आवाजात हळूहळू विरत जातं, आणि मग सरूच्या काळसर हिरव्या रांगा, ऑलिव्हची रुपेरी राखाडी पानं, जिरेनियमचे लालभडक पट्टे ओलांडून नजर खाली घसरते ती थेट सोनेरी घुमटावर, आणि घुमटापलीकडे भूमध्य समुद्रावर.

निळं, नुसतं निळं.

एकूण 19 टप्पे. मधल्या टप्प्यावर बहाई धर्माचे अग्रदूत बाब यांची समाधी, तिच्या वर नऊ, खाली नऊ. या अठरा टप्प्यांत त्यांच्या पहिल्या अठरा शिष्यांची आठवण आहे. फरिबोर्झ साहबा या वास्तुकारानं ते आखले, 2001 मध्ये ते खुले झाले. दिल्लीचं कमळ मंदिरही त्यांचंच. तळहाताएवढ्या वाफ्याची कडाही इथं समाधीभोवतीच्या वर्तुळाचं भान ठेवून वळते. आमच्या पाचगणीच्या, बहाईंच्या न्यू एरा शाळेमुळं ‘बहाई’ हा शब्द लहानपणापासून कानावर होता. त्यामागे एवढी वेदना असेल, हे ठाऊक नव्हतं.

ती कळली समाधीजवळ. गाइड तरुणी हलक्या आवाजात सांगत होती. बाब यांना इराणच्या माकू किल्ल्यात डांबलं, तेव्हा रात्री त्यांच्याजवळ एक दिवासुद्धा नव्हता. 1850 मध्ये तब्रीझला त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे अवशेष वर्षानुवर्षं लपवत, जागा बदलत, अनुयायांनी जपले आणि 1909 मध्ये या उतारावर विसावा दिला. समोरच, उपसागरापलीकडे, अक्का शहर. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लांना 1868 मध्ये बंदी म्हणून आणलं ते तिथं. त्या तटबंदीआड नऊ वर्षं त्यांच्या डोळ्यांना हिरवळ दिसली नव्हती.

नऊ वर्षं!

मी वळून पाहिलं. आत्तापर्यंत जी बाग मला फार नेटकी, जरा जास्तच कातरलेली वाटत होती, तिचं एकेक पान आता उपाशी डोळ्यांसाठी वाढून ठेवल्यासारखं दिसू लागलं, आणि रात्री अख्खा उतार उजळवणारे ते असंख्य दिवे, जे आदल्या संध्याकाळी मी शहराची रोषणाई समजून पाहिले होते, ते सगळेच्या सगळे माकूच्या त्या एका काळ्या कोठडीकडे निघालेले वाटले.

समाधीमागं सरूच्या झाडांचं एक रिंगण आहे. 1891 मध्ये तिथं उभं राहून बहाउल्लांनी मुलाला ही जागा दाखवली, म्हणतात. मला तिथं बसायचं होतं, निदान सावली सरकेपर्यंत. पण आमची फेरी संपत आली होती, वरून पुढच्या गटाची चाहूल लागत होती, आणि गाइड फाटकाकडे हात करून उभी होती.

तिला एवढंच सांगावंसं वाटलं: बाई गं, दिव्याची ती गोष्ट वरच, पहिल्या पायरीवर सांगत जा. सगळा उतार माणसं ती मनात घेऊन उतरतील.