अर्धवट आडोसा

वारा येईल तशी पाठ द्यावी, असे जुनी माणसे सांगत. मोटरसायकलस्वाराला हा सल्ला निरुपयोगी, कारण त्याच्यावर आदळणारा वारा बहुतांशी त्यानेच निर्माण केलेला असतो. भारतीय हवामान खाते ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वेगाचे वारे वाहणाऱ्या प्रणालीला ‘चक्रीवादळ’ म्हणते. खंबाटकी ओलांडून ताशी ८० च्या वेगाने साताऱ्याकडे निघालेला स्वार, शेतातले पानही हलत नसताना, तेवढ्याच वाऱ्यात बसलेला असतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो.

तरीही आम्हां दोघांचा अनुभव असा, की माणसाला थकवतो तो हा सरळ दाब नव्हे. छातीवर एकसारखा रेलणारा वारा अंगवळणी पडतो. असह्य होतात ते हेल्मेटला बसणारे हिसके. नदीपात्रातल्या खडकामागे पाणी जसे आलटून पालटून भोवरे सोडते, तसेच विंडशील्डच्या कडेवरून सुटलेली हवा मागे भोवरे सोडत जाते. खडकासमोरचे पाणी वेगवान पण शिस्तीचे असते. खवळलेले असते ते खडकामागचे. विंडशील्डची वरची कड हनुवटीच्या पातळीला आली, तर डोके नेमके या खवळलेल्या पट्ट्यात सापडते. अर्धवट आडोसा उघड्यापेक्षा अधिक छळतो तो असा.

आम्ही गाडी आळीपाळीने चालवतो आणि आमच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक आहे. एकाच काचेमागे एकाचे डोके निवांत असते, तर दुसऱ्याला समोरचा फलक वाचता येऊ नये इतके हेल्मेट थरथरते. त्यामुळे ‘चांगले विंडशील्ड कोणते’ हा प्रश्नच आम्हांला अपुरा वाटतो. काच, आसन, हेल्मेट आणि पाठीचा कणा यांचे ते एकत्रित गणित आहे.

ते सोडवण्याची रीत साधी आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात किंचित उंच होऊन आणि मग किंचित वाकून पाहावे. वर गेल्यावर हिसके थांबले, तर काच छोटी करावी. खाली गेल्यावर थांबले, तर ती उंच करावी किंवा तिचा कोन बदलावा. काचेवरून रस्ता दिसत राहील एवढीच उंची ठेवावी, कारण पावसात किंवा रात्री ओल्या काचेतून पाहणे धोक्याचे. काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भरण्यासाठी भोवरे आत ओढले जातात. म्हणून काच आणि तिची बैठक यांच्यात वॉशर घालून बोटभर फट ठेवली, तर खालून थोडी हवा आत येते आणि हिसके पुष्कळदा सौम्य होतात. पुढच्या फोर्कच्या बाजूने वर चढणारी हवा अडवण्याचाही उपयोग होतो. मात्र एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

हा खटाटोप निव्वळ सुखासाठी नाही. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासच सोसावा आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम एक तास. पुण्याहून कोल्हापूरला पोचायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तिथे उतरल्यावर जेवणाच्या टेबलावर आम्ही एकमेकांना ‘काय म्हणालास?’, ‘काय म्हणालीस?’ असे विचारत बसायचो आणि कानांत रात्रभर घूं वाजत राही. कानाच्या आतल्या सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता आमच्या गाडीवर आखूड काच आहे, तिच्याखाली वॉशर आहेत आणि कानांत फोमचे बोळे असतात. त्यांतूनही मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. उंची वेगळी असली तरी दोघांचीही डोकी आता मोकळ्या हवेत राहतात. छातीवर वारा पूर्वीपेक्षा जास्त लागतो, खांदे थोडे लवकर भरून येतात, आणि माघातल्या पहाटे साताऱ्याच्या पुढे चांगलीच हुडहुडी भरते. ती आम्ही पत्करली आहे. संध्याकाळी जेवताना मात्र एकमेकांचे बोलणे पहिल्याच वेळी ऐकू येते.