पेटीतली जुळी

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. निम्म्याहून अधिक जुळी अशीच लवकर येतात. 30व्या आठवड्यातले बाळ सव्वा-दीड किलोच्या आसपास भरते. फुफ्फुसांतले वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट त्याच्याकडे पुरेसे नसते, म्हणून नाकातून दाबाने हवा देणारे सीपॅप लावतात. श्वास मध्येच थांबू नये म्हणून कॅफीन देतात.

आई टाके पडून वरच्या मजल्यावर असते, त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलेल्या बाळांना आधी बाप पाहतो. पाचवी, बारसे लांबते. पायातल्या पट्टीवर आईचे नाव आणि पुढे ‘बाळ 1’, ‘बाळ 2’ एवढेच असते. सुरुवातीला आईबापांची नजर बाळापेक्षा मॉनिटरवरच अधिक असते. ऑक्सिजनचा आकडा 94 वरून 80 वर आला की आई जागची उठते. सिस्टर तळपायाला हलकेच टिचकी मारते, बाळ श्वास घेते, आकडा चढतो.

आईचे पहिले काम दूध पिळण्याचे. पहिल्या दिवशी बराच वेळ खटपट करून चमचाभरही चीकदूध निघत नाही. निघेल ते सिरिंजमध्ये ओढून दोघांत वाटतात. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्यापर्यंत बसत नाही, म्हणून दूध नळीने थेट पोटात जाते. मग वाटी-चमचा किंवा बोंडले. आईचे दूध कमी पडले तर दूधपेढीचा आधार असतो. आशियातली पहिली मानली जाणारी दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली.

बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत 1978 साली बोगोटात सुरू झाली. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता ती जन्मानंतर लगेच सुरू केल्यास 1 ते 1.8 किलोच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटतात, असे 2021 च्या अभ्यासात दिसले. जुळ्यांना तर दोन छात्या लागतात: एक आईची, एक बापाची. आईबापांना काचेबाहेर थांबवणारा विभाग बाळांच्या उपचारातलाच एक भाग काढून घेतो.

सर्वांत अवघड दिवस एक बाळ घरी जाते तेव्हा सुरू होतात. एकाला आजीच्या मांडीवर ठेवून दुसऱ्यासाठी दुधाची बाटली बर्फात घालून आई रुग्णालय गाठते. ‘दुसरे कुठे आहे?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न तिला रोज नव्याने लागतो.

या धावपळीत डोळ्यांची तपासणी राहून जाते. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा दृष्टिपटल 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो; फारच लवकर आलेल्यांचा त्याहूनही आधी. वेळ टळली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. एक बाळ घरी आणि एक पेटीत असले, तरी दोघांचीही तारीख पाळावी.