चाकामागचा सांधा

कंधारला रेल्वे नाही. नांदेडच्या पेठेतून माल आणायचा असो वा घरातील वडीलधाऱ्यांना तेथील डॉक्टरांना दाखवायचे असो, लोह्यामार्गे सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आणि घरची गाडी यांवरच व्यापारी कुटुंबांची भिस्त असते. अशाच एका घरच्या गाडीचे पुढचे डावे चाक गतिरोधकावरून उतरताना ‘टक्’ असा आवाज करू लागले. गाडी चालते आहे, हंगाम उरकला की पाहू, असे वडिलांचे मत पडले. थोरल्या मुलाने एवढेच विचारले, “अण्णा, पुढच्या आठवड्यात आजीला याच गाडीतून न्यायचे आहे ना?”

अण्णा गप्प झाले. दुकान बंद असलेल्या दिवशी गाडी अंगणात सपाट फरशीवर घेतली गेली.

पुढचे चाक वर-खालीही हलते आणि वळतेही, ते बॉल जॉइंट नावाच्या लहानशा सांध्यामुळे. गोल डोक्याची पोलादी खुंटी वाटीत बसवलेली असते. आत ग्रीस, वर रबरी आवरण. आवरण फाटले की ग्रीस निघून जाते, धूळ-पाणी शिरते आणि वाटी झिजू लागते. झीज हाताबाहेर गेली तर खुंटी वाटीतून निसटते, चाक आडवे कोसळते आणि स्टिअरिंगला गाडी जुमानत नाही.

मुलाने मागच्या चाकांना दगडांची ओट लावली, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि जॅकने उचललेली गाडी भक्कम स्टँडवर टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्याचा नियम. चाक वरून-खालून धरून हलवले, तेव्हा ते डगडगले. अण्णांनी ब्रेक दाबून धरला, तरीही डगडग थांबली नाही; म्हणजे दोष बेअरिंगचा नव्हता, सांध्याचाच होता.

या गाडीत सांधा लोअर आर्मला बोल्टने जोडलेला होता, म्हणून तो घरी बदलता आला. जेथे तो दाबून बसवलेला असतो, तेथे प्रेस लागते. ते काम गॅरेजचेच. नवा सांधा बसवताना जुने नट-बोल्ट पुन्हा वापरले नाहीत, आणि प्रत्येक नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळला. कमी आवळलेला नट सुटतो, अति आवळलेला बोल्ट तुटतो.

काम संपल्यावर अण्णांनी स्वतःहून उजवे चाकही तपासायला लावले. तेथे आवाज नव्हता, पण रबरी आवरणाला चीर पडलेली होती. तोही सांधा बदलला गेला.

आजीच्या तारखेआधी मुलगा एकटाच सावकाश नांदेडला गेला, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि परतल्यावर सर्व नट पुन्हा तपासले. मगच आजी त्या गाडीत बसल्या. दोन सांधे आणि एका दिवसाची मेहनत, एवढाच खर्च. मात्र हंगाम उरकेपर्यंत थांबण्याची किंमत किती झाली असती, याचा हिशेब अण्णांनी कोणत्याही वहीत मांडला नाही. त्यांना तो कळला होता.